यकृताच्या आजारातली खाज आणि सुगंधी तेलाचा मसाज: सांगली-मिरजेत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं शिक्षण नर्सिंगचं. आता सांगली, मिरज, माधवनगर या भागात आजारी माणसांना घरी जाऊन हलका मसाज देते. यकृताच्या रुग्णांच्या घरचे फोन बहुतेक रात्रीच येतात, कारण ही खाज दिवस मावळला की चढते. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं इथं लिहून ठेवली आहेत. निदान आणि औषधं डॉक्टरांनी ठरवायची. मसाज त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

लिव्हर पोटात, मग खाज अंगभर कशी?

यकृतात तयार झालेलं पित्त नळ्यांतून आतड्यात उतरतं. नळीत खडा अडकला, बाहेरून गाठीचा दाब आला, आतल्या बारीक नळ्या सुजल्या किंवा एखादं औषध बाधलं, की ही वाट तुंबते. पाटात गाळ साचल्यावर पाणी बांध फोडून रानात घुसतं, तसे पित्तातले घटक मग रक्तात शिरतात आणि त्वचेतल्या नसांना चेतवतात. यात एकच कोणी दोषी नाही. पित्ताम्लं आहेत, लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिड नावाचा घटक आहे, शरीरात तयार होणारी अफूसारखी द्रव्यंही आहेत. म्हणून रिपोर्टमधल्या बिलिरुबिनच्या, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याच्या, आकड्यावरून खाज मोजता येत नाही. कुणाचे डोळे हळदीसारखे पिवळे असतात आणि खाज अजिबात नसते. कुणाची कावीळ दिसतही नाही, पण तळपाय खाजवून खाजवून सोललेले असतात. मध्यम वयाच्या बायकांमध्ये जास्त आढळणाऱ्या प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस (यकृतातल्या बारीक पित्तनळ्या सुजण्याचा आजार) यात तर कावीळ दिसण्याच्या कितीतरी आधी नुसती खाज सुरू होऊ शकते.

हे अंगावर पित्त उठणंच नव्हे का? आम्ही आमसुलाचं पाणी लावतोय.

अंगावर पित्त उठतं तेव्हा लाल, फुगीर गांधी येतात आणि काही तासांत विरतात. यकृताच्या खाजेत सुरुवातीला त्वचेवर काहीच दिसत नाही. दिसतात ते खाजवल्याचे ओरखडे आणि खरपुड्या. खाज तळहात, तळपायांना जास्त असते आणि रात्री वाढते. मी एक गोष्ट नेहमी बघते: रुग्णाची पाठ. दोन्ही खांद्यांवर, कमरेवर ओरखडे असतात आणि मधोमध, जिथं स्वतःचा हात पोचत नाही, तिथली कातडी स्वच्छ असते. म्हणजे आधी खाज आली, खुणा नंतर पडल्या. मात्र फणी नाहीतर पट्टी घेऊन पाठ खाजवणारे खूप असतात, त्यांच्यात ही खूण चालत नाही.

बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ असेल आणि घरातले इतरही खाजवत असतील तर खरूज असू शकते. किडनी, थायरॉइड, साखर यांचे आजार किंवा रक्तात लोह कमी असणं, यांमुळेही पुरळाविना खाज सुटते. तेव्हा दोन आठवडे अंगभर खाज असेल तर तेलाची बाटली शोधण्याआधी रक्त तपासा. लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी हे दोन आकडे डॉक्टर विशेष बघतात, आणि मग सोनोग्राफी. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला, तेव्हापासून आपलं गाव दवाखान्यांचंच आहे. एवढ्या तपासणीसाठी पुण्याला जायची गरज नाही.

मसाजने खाज खरंच कमी होते का? खरं सांगा.

काही वेळापुरती कमी होते, बऱ्याच जणांची. मुळातून जात नाही. नळीतला खडा तळपायाला तेल लावून निघत नसतो.

अभ्यासांचं म्हणाल तर सुगंधी तेलांचे बहुतेक प्रयोग डायलिसिसवरच्या किडनीच्या रुग्णांवर झालेत. यकृताच्या रुग्णांवर फार थोडे. इजिप्तमधल्या एका अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, यकृत, किडनी किंवा मधुमेहामुळे जुनी खाज असलेल्यांना दोन आठवडे पेपरमिंट तेल लावलं आणि दुसऱ्या गटाला नुसती पेट्रोलियम जेली. पेपरमिंटवाल्यांची खाज जास्त कमी झाली. पण असे अभ्यास लहान असतात, आणि त्यात एक मोठी अडचण असते: पुदिन्याचा वास लपवायचा कसा? आपल्याला खरं तेल मिळालंय हे नाकाला लगेच कळतं.

माझं मत विचाराल तर श्रेयाचा मोठा वाटा तेलाच्या ओलाव्याचा, गारव्याचा आणि हाताचा. नखांऐवजी दुसऱ्याचा तळवा फिरतो, तेवढ्या वेळ मेंदूला खाजेऐवजी स्पर्शाचा निरोप जातो. पुदिन्यातलं मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना जागं करतं, त्याचा खाजेवर उतारा पडतो. लॅव्हेंडरच्या वासाने काहींचं मन शांत होतं. वास आवडत नसेल तर बिनवासाचं साधं खोबरेल वापरा, फार काही बुडत नाही. सुगंधावर पैसे उधळणाऱ्यांना मी हे आधीच सांगते, मग काही जण मला बोलावतच नाहीत.

मूळ तेल कोणतं? खोबरेल, तीळ, करडई?

खोबरेल. हलकं आहे, स्वस्त आहे, कोरड्या त्वचेला मानवतं. तिळाचं, बदामाचं चालतं. करडईही चालेल, पण घाण्यावरच्या तेलाचा उग्र वास आजारी माणसाला मळमळवतो, आणि यकृताच्या रुग्णाला आधीच अन्नावर वासना नसते. मोहरीचं नको, ते झोंबतं. ऑलिव्ह तेल कोरड्या त्वचेचा पडदा उलट कमकुवत करतं, तेव्हा परदेशातून भाच्याने पाठवलं असलं तरी ते सॅलडला वापरा.

सुगंधी तेल किती घालायचं?

लोक इथंच चुकतात. थेंब कमीच हवेत. साधारण २० थेंबांचं १ मिली होतं. ३० मिली खोबरेल तेलात लॅव्हेंडरचे ६ थेंब म्हणजे १ टक्का, तेवढं पुरे. पेपरमिंट घ्यायचं तर ३ थेंबच. दोन्ही मिसळायची असतील तर लॅव्हेंडरचे ३ आणि पेपरमिंटचे २. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मिलीच्या खुणा असलेलं झाकण येतं, ते धुऊन, वाळवून माप म्हणून वापरा. अंदाजाने ओतू नका. वास कमी वाटतो म्हणून आणखी चार थेंब टाकणारे बरेच भेटतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच रुग्णाला खाजेच्या जोडीला आगही होत असते.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. लाली, पुरळ, आग काही नसेल तर पुढं जा.

लवंग, दालचिनी, निलगिरी, गवती चहा ही तेलंही गुणकारी असतात ना?

असतील, पण या कामाला नाहीत. लवंग, दालचिनी आणि गवती चहाचं तेल नाजूक त्वचेला चटका देतं. विंटरग्रीन तेल तर अजिबात नको. सांधेदुखीच्या कित्येक मलमांत तेच द्रव्य असतं, ते ॲस्पिरिनच्या जातीचं आणि कातडीतून रक्तात जातं. यकृताच्या रुग्णाचं रक्त आधीच लवकर गोठत नाही. टी ट्री तेल ताजं असेल तर ठीक, शिळं झालं की त्यानेच पुरळ उठतं.

आमच्याकडे खोबरेल तेलात कापूर घालून लावायची पद्धत आहे. आजीने सांगितलंय.

आजीचं चुकलेलं नाही, कापराने गारवा येतो आणि खाज दबते. पण ते धडधाकट माणसाच्या हातावरच्या चार बोटं जागेसाठी. इथं अंगभर ओरखडे आहेत. फुटलेल्या कातडीतून कापूर रक्तात जातो आणि तो पचवून बाहेर टाकायचं काम यकृताकडेच असतं. ज्याचं यकृतच दमलंय त्याच्या अंगभर कापूर चोळण्यात अर्थ नाही. लहान मुलांच्या तर आसपासही नको, पोटात गेला तर झटके येतात. अमृतधारेतही कापूर असतो, तिलाही हेच लागू.

मसाज नेमका कसा करायचा? आम्ही घरीच करणार आहोत.

घरीच करा, मला बोलावण्यापेक्षा ते बरं. बाईंचा हात मऊ लागतो असं आजोबा म्हणतात, पण मऊ हात कोणालाही जमतो.

वेळ झोपायच्या तासभर आधीची. आधी कोमट, जवळजवळ गार पाण्याने अंघोळ किंवा अंग पुसणं. कढत पाण्याने खाज भडकते. साबण अगदी मोजका, काखा-जांघेपुरता. बोअरच्या जड पाण्याने आणि साबणाने कातडी ताणल्यासारखी होते, ते रात्री भोवतं. टॉवेलने रगडू नका, टिपून घ्या आणि कातडी किंचित ओलसर असतानाच तेल लावा म्हणजे ओलावा आत राहतो.

तेलाची वाटी आधी माठाच्या गार पाण्यात ठेवा. स्टीलची वाटी लवकर गार होते. थंडीत खोबरेल गोठलं तर तळहातावर घेऊन विरघळू द्या. तुमच्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा, नखं कापा. सुरुवात तळपायापासून. एका हाताने टाच तोलून धरा, दुसऱ्याचा पूर्ण तळवा टाचेकडून बोटांकडे सरकवा. बोटांची टोकं नकोत, गुदगुल्या आणि खाज यांच्यात फार अंतर नसतं. दाब किती? साईवर हात फिरवला तरी ती फाटू नये, इतका. घोट्यापासून गुडघ्याकडे लांब, संथ हात, मग तळहात, मनगट, कोपरापर्यंत. शेवटी पाठ, विशेषतः तो मधला भाग. ओरखड्यावरून जाऊ नका, बाजूने वळा. पायाच्या बेचक्यात तेल साचू देऊ नका, तिथं बुरशी धरते.

दहा ते पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. मधेच रुग्णाचा हात खाजवायला गेला तर रागावू नका, त्याच जागेवर तुमचा तळवा नुसता ठेवा आणि थोडं थांबा. संपल्यावर तळपाय फडक्याने कोरडे पुसा. शहाबादी फरशीवर तेलकट पायाने रात्री लघवीला उठलेला म्हातारा माणूस पडला की खाज राहते बाजूला.

जुनी सुती चादर आणि सुती मोजे ठेवा. नखं बारीक कापून हातालाही सुती मोजे घातले तर झोपेतलं खाजवणं कमी होतं.

तेल कोमट केलं तर जास्त मुरेल ना?

नको. उष्णतेने खाज वाढते.

तालमीतले मालिशवाले आहेत ओळखीचे, त्यांच्याकडून रगडून घ्यावं का?

पैलवानाचं अंग वेगळं आणि हे अंग वेगळं. लिव्हर सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जातं त्या आजारात, प्लेटलेट बहुधा कमी असतात, नुसत्या बोटाच्या दाबाने काळे-निळे डाग पडतात. डाव्या बरगडीखाली प्लीहा सुजलेली असू शकते, तिच्यावर जोर पडला तर आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. पोटात पाणी झालेल्या माणसाच्या पोटाला तर हातच लावायचा नाही. पायाला सूज असेल, बोट दाबल्यावर खळगा पडत असेल, तर तिथं फक्त तेल पसरा, चोळू नका.

कोणाला मसाज करूच नये?

ताप असेल, त्वचेत पू किंवा पसरती लाली असेल, एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल (तिथं रक्ताची गुठळी असू शकते), नुकतीच रक्ताची उलटी झाली असेल, तर नाही. पित्तनलिकेत बाहेरून नळी घातलेली असेल तर त्या बाजूचं अंग सोडून हातापायांना चालतं, पण आधी डॉक्टरांना विचारा. कॅन्सरच्या रुग्णालाही हलका हात चालतो, गाठीवर नाही. त्यांना तर या स्पर्शाची गरज जास्त असते, आणि घरचे मात्र काही होईल या भीतीने हात लावत नाहीत.

दोन थेंब गरम पाण्यातून पोटात घेतले तर?

नाही. एक थेंबही नाही. निलगिरीचं तेल थोडंसं जरी पोटात गेलं तरी विषबाधा होते. मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी या बाटल्या ठेवा, आणि देवघरात नको.

आपली सांगलीची हळद लावली तर?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्यावर आपलं प्रेम आहे, ते राहू द्या. आमटीतली चिमूटभर खुशाल खा. पण ओरखडलेल्या अंगाला कोरडी पूड लावली तर कातडी आणखी कोरडी पडते. आणि डॉक्टरांकडे जायच्या दिवशी अंगाला हळद फासली असेल तर त्वचेचा पिवळेपणा कळायचा कसा? मग डोळ्यांवरच विसंबावं लागतं.

खरी काळजी हळदीच्या कॅप्सूलची. मिरीच्या अर्कासोबत दिलेल्या जोरकस कर्क्युमिनमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. गुळवेलीबद्दलही मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये तसेच रुग्ण प्रसिद्ध केले. "झाडपाल्याने काय होतंय?" हे वाक्य यकृताच्या घरात बंदच करावं.

काविळीची माळ घातली होती, ती लांबत गेली. म्हणजे उतरली ना कावीळ?

माळेतल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते. खुंटीला टांगली तरी लांबेल. हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं. नळी तुंबली असेल तर मात्र हे आठवडे महागात पडतात. गळ्यात माळ ठेवायचीच असेल तर ठेवा, पण सोनोग्राफी आजच करा.

ॲलर्जीची गोळी घेतली, फरक नाही. असं का?

या खाजेत हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या द्रव्याचा, भाग फारसा नाही, त्यामुळे ॲलर्जीच्या गोळीने बहुतेकदा नुसती गुंगी येते. सिरॉसिसच्या रुग्णाला गुंगीची गोळी स्वतःच्या मनाने देणं धोक्याचं आहे.

डॉक्टरांनी बाबांना टीबीची गोळी दिलीय, आणि एक डिप्रेशनची. चिठ्ठी चुकली का?

नाही चुकली. हा प्रश्न इतक्या घरांत येतो की मेडिकलवालेही आता ओळखतात. रिफाम्पिसिन टीबीचं औषध खरं, पण लहान मात्रेत ते यकृताच्या खाजेवर चालतं. त्याने लघवी केशरी होते, घाबरू नका. मात्र ते स्वतःच कधीकधी यकृताला बाधतं, म्हणून रक्ततपासणी चुकवू नका. सर्ट्रालिन हे डिप्रेशनचं, पण खाजेच्या निरोपावरही काम करतं. "माझं डोकं ठीक आहे" म्हणून ते बंद करू नका.

सुरुवात बहुधा कोलेस्टायरामिनच्या पुडीपासून होते. ती आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवते, पण सोबत घेतलेली दुसरी औषधंही धरते. म्हणून बाकीच्या गोळ्या पुडीच्या निदान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनी. सगळं एकदम घशाखाली घातलं की थायरॉइडची गोळीही वाया जाते. याच खाजेसाठी दिलं जाणारं नाल्ट्रेक्सोन सुरू असेल आणि दुखण्यासाठी ट्रामाडॉलसारखी गोळीही चालू असेल, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. ही दोन एकत्र जमत नाहीत.

सुनेला आठवा महिना आहे. रात्री तळहात-तळपायांना खाज सुटते. तेल लावलं तर चालेल?

आधी प्रसूतितज्ज्ञांकडे, उद्याच. तेल नंतर. गरोदरपणात पित्ताचा प्रवाह मंदावण्याचा आजार असतो, तो बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत येतो. त्याची तपासणी म्हणजे रक्तातली पित्ताम्लं. त्यांचं प्रमाण लिटरला १०० मायक्रोमोलवर गेलं तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो, आणि प्रसूती कधी करायची हे डॉक्टर त्या आकड्याकडे बघून ठरवतात. तेलाने हा आकडा हलत नाही. "पोट ताणतंय म्हणून खाजतंय" असं सासूबाई म्हणाल्या तरी तळव्यांची खाज त्यात बसत नाही.

तान्ह्या बाळाला कावीळ आहे, तेल लावू का?

तान्ह्यांना सुगंधी तेलं लावूच नका. दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली आणि शी पांढरट, मातकट दिसत असेल तर तातडीने बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात कासाई (हे जपानी डॉक्टरांचं नाव) ऑपरेशन साधारण दोन महिन्यांच्या आत झालेलं बरं असतं.

खरं तेल ओळखायचं कसं?

बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव हवं: लॅव्हेंडुला अंगुस्टिफोलिया, मेंथा पिपेरिटा असं. गडद काचेची बाटली, तारीख, बॅच नंबर. नुसतं "अरोमा ऑइल" किंवा "फ्रॅग्रन्स" लिहिलेलं दिवाळीच्या दिव्यांना ठीक. दोनशे रुपयांत चंदनाचं तेल कोणी देत नाही, खरं तेल हजारांत जातं. उघडलेलं लॅव्हेंडर आणि टी ट्री वर्षभरात संपवा, हवा लागून शिळं झालं की तेच ॲलर्जी देतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीत ठेवलेली बाटली त्याआधीच जाते.

मसाजनंतर बाबा इतके गाढ झोपले की हाकेला ओ देईनात. मसाज लागू पडला म्हणायचा का?

नाही, मसाजने असं होत नाही. यकृत रक्त गाळायला कमी पडलं की मेंदूवर सुस्ती येते. दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं, ही आधीची लक्षणं. बऱ्याचदा त्याआधी शौचाला झालेलं नसतं, किंवा झोपलेत म्हणून लॅक्टुलोजचं (शौचाला साफ करणारं) औषध चुकवलेलं असतं. शांत झोपलेला रुग्ण हलवल्यावर डोळे उघडतो, नाव सांगतो, कुरकुरतो. ते झालं नाही, किंवा ताप आणि थंडीसोबत कावीळ वाढली, शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्यांना कुशीवर वळवून ठेवा. तोंडात पाणी, औषध काही घालू नका, आणि सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत सोबत घ्या.